खडी चिकटवायची कशाला?

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीतील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही तेथे चार दिवस होतो. मुलांनी पानवल नदीवरील रेल्वे पुलाची प्रतिकृती करायला घेतली होती. खरा पूल ६४ मीटर उंच आहे. १:८७ या प्रमाणात तो जेमतेम चौऱ्याहत्तर सेंटिमीटर झाला. पुलाच्या दोन्ही अंगांना डोंगर, एक बोगदा आणि त्यांतून फिरणारी खेळण्यातील आगगाडी असा बेत होता. (खेळण्याचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाला जुळणारे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, तेव्हा ते १९ मिलिमीटरच्या वर हवे होते. पण विकत मिळतात तेच रूळ घ्यावे लागतात.)

रूळ बसले, आता त्यांखाली खडी पसरायची होती. वाटीभर पांढरा गोंद पाण्यात कालवत असताना नववीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, खऱ्या रुळांखालची खडी कशानं चिकटवतात?’’ कशानेच चिकटवत नाहीत, असे आम्ही सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘मग हजारो टनांची गाडी गेली तरी ती जाग्यावर राहते, आणि आपली एवढीशी गाडी असून आपण का चिकटवतोय?’’

प्रश्न साधा आहे. त्याचे पूर्ण उत्तर द्यायचे तर दोन-तीनशे वर्षांच्या मागे जावे लागते.

नीरमापासून खडीपर्यंत

इंग्रजीत रुळांखालच्या खडीला ‘बॅलास्ट’ म्हणतात. हा शब्द मुळात जहाजावरचा. रिकामे जहाज पाण्यावर हलके होऊन कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी दगड किंवा वाळू भरतात. कोकणातले दर्यावर्दी त्याला नीरम म्हणत. इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या परिसरातून कोळसा भरून गेलेली जहाजे परतताना असे नीरम घेऊन येत आणि बंदराच्या काठी ते टाकून देत. जवळच खाणींतून कोळशाच्या गाड्या आणणारे लाकडी रूळमार्ग होते, त्यांच्याखाली हा आयता भराव घातला जाऊ लागला. दगड बदलला, देश बदलला, नाव मात्र टिकले. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या मुंबई गाठली ती समुद्रमार्गे, त्या रत्नागिरीत हा शब्द समजावून सांगणे सोपे जाते.

या भरावाचे महत्त्व मात्र लगेच कळले नाही. त्या काळच्या अभियंत्यांचा कल मार्ग जितका पक्का आणि अचल तितका चांगला, असे मानण्याकडे होता. १८३० साली सुरू झालेल्या लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर मोठ्या अंतरात रूळ दगडी ठोकळ्यांवर बसवले होते. जिथे जमीन भुसभुशीत होती, भराव नवे होते किंवा दलदल होती, तिथे नाइलाजाने लाकडी स्लीपर टाकले. अनुभव उलटा आला. ठोकळ्यांवर गाडी दणके देत चाले, ठोकळे कमी-जास्त खचत आणि दोन रुळांमधले अंतर बिघडे. लाकडी स्लीपरांवरचा ‘तात्पुरता’ मार्ग अधिक सुखाचा ठरला.

याहून बोलके उदाहरण इसंबार्ड ब्रुनेल याचे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा लंडन ते मेडनहेड हा पहिला भाग १८३८ साली उघडला. ब्रुनेलने रुळांखाली लांबच लांब लाकडी तुळया घातल्या आणि त्या हलू नयेत म्हणून जमिनीत खोल ठोकलेल्या खुंट्यांना बांधून टाकल्या. तुळयांखाली वाळू आणि गोटे ठासून भरले. कल्पना अशी की खालून भरावाचा रेटा, वरून खुंट्यांची ओढ, मग मार्ग हलेल कसा? गाड्या धावू लागल्यावर भराव बसत गेला. खुंट्या मात्र बसल्या नाहीत. मार्ग खुंटीपाशी उंच आणि मधे झुकलेला, असा लाटांसारखा झाला, प्रवासी हैराण झाले आणि खुंट्या तोडून टाकाव्या लागल्या. आमच्या मते रेल्वेच्या इतिहासातला हा फार शिकवणारा फजितीचा प्रसंग आहे. ब्रुनेलसारख्या माणसाने मार्ग जमिनीला ‘चिकटवून’ पाहिला आणि जमिनीने ते मान्य केले नाही.

त्यानंतर हळूहळू आजची रीत रुळली. आडवे स्लीपर, त्यांच्याखाली आणि भोवती फोडलेल्या दगडाची सुटी गादी. मार्ग या गादीवर नुसता टेकलेला असतो. तो थोडा खचतो, थोडा सरकतो आणि माणसे तो पुन्हा सरळ करतात.

सुटे दगड धरतात कसे?

सुट्या कणांच्या ढिगाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम वळले ते तटबंद्या बांधताना. मार्टिनिक बेटावर किल्ल्याचे काम केलेला फ्रेंच अभियंता कूलोम (विद्युतभारांच्या नियमाचा तोच) याने १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे एक निबंध मांडला. त्यात मातीच्या भिंतीवरील दाबाचा हिशेब होता. कणांच्या थरावर जितका दाब अधिक तितके त्याचे घर्षण अधिक, हे त्यातले सूत्र. म्हणजे गाडी खडीवर जितकी जड बसते, तितकी खडी अधिक घट्ट धरते. गाडीचे वजनच तिच्या पायाखालच्या खडीला पकड देते.

दुसरी गोष्ट १८८५ साली मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातील प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने दाखवली. ती पाहायला रत्नागिरीकरांनी भाट्ये किनाऱ्यावर जावे. नुकत्याच ओसरलेल्या लाटेने ओल्या असलेल्या वाळूवर पाय रोवला की पावलाभोवतीची वाळू एकदम कोरडी, फिकट दिसू लागते. दाबल्यावर पाणी बाहेर यायला हवे, ते आत कसे जाते? रेनॉल्ड्सने सांगितले की घट्ट बसलेले कण एकमेकांच्या खाचांत अडकलेले असतात. त्यांना सरकायचे तर एकमेकांवर चढावे लागते. त्यामुळे एकूण ढीग फुगतो, कणांमधली पोकळी वाढते आणि वरचे पाणी त्या पोकळीत उतरते. या गुणाला त्याने ‘डायलेटन्सी’ असे नाव दिले. वर्गात दाखवायचे झाल्यास रबरी फुग्यात ओली वाळू ठासून भरावी, वर पाणी घालावे, तोंडाला काचेची नळी बसवावी आणि नळीत रंगीत पाणी दिसेल इतके भरावे. फुगा दाबला की नळीतले पाणी वर चढण्याऐवजी खाली उतरते. मुलेच काय, शिक्षकही पहिल्यांदा चकतात.

आता खडीचा विचार करा. स्लीपरला बाजूला सरकायचे असेल तर भोवतालच्या दगडांनी फुगायला हवे. पण वरून वजन आहे आणि बाजूला खडीचा खांदा आहे, त्यामुळे फुगायला जागा नाही. म्हणूनच खडी फोडलेली, कोनदार हवी. नदीतले गुळगुळीत गोटे चालत नाहीत. आपल्या रेल्वेच्या मानकानुसार खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरच्या दरम्यान हवी आणि दगड कठीण, पाणी न पिणारा हवा.

हे शेवटचे कलम रत्नागिरीत महत्त्वाचे ठरते. इथल्या सड्यांवर सगळीकडे जांभा आहे. त्याचे चिरे काढून घरे बांधतात आणि ती पिढ्या टिकतात. पण जांभा सच्छिद्र असतो. हातोड्याच्या माऱ्याखाली आणि गाडीच्या भाराखाली त्याचा भुगा होतो, भुग्याचा पावसात चिखल होतो आणि चिखलाने भरलेली खडी ही खडी राहत नाही. कणांमधल्या पोकळ्या पाणी जायला हव्या असतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे काम दुय्यम नाही. म्हणून रुळांखाली काळ्या कातळाचीच, बेसॉल्टची, खडी लागते.

सुट्या खडीवर केवढी भिस्त असते याचा एक हिशेब देतो. पूर्वी रुळांच्या तुकड्यांमध्ये फट ठेवत, आता मैलोगणती रूळ सांधून एकसंध करतात. उन्हाळ्यात तो लांबायला पाहतो, पण लांबायला जागा नसते. दर मीटरला ५२ किलो वजनाचा रूळ बसवला त्या वेळच्यापेक्षा ३० अंश सेल्सिअसने तापला, तर त्यात सुमारे ४८ टनांचा रेटा साठतो. मार्गाला दोन रूळ असतात, म्हणजे जवळजवळ शंभर टन. या रेट्याने मार्ग सापासारखा वाकडा होऊ शकतो. त्याला बाजूने धरून ठेवतात ते स्लीपरच्या अंगचे वजन आणि भोवतालचे सुटे दगड. फावडे घेऊन खडीचा खांदा नीट करणारा गँगमन उन्हातान्हात काय सांभाळत असतो, हे मुलांना या आकड्यावरून समजते.

कण सुटे असण्याला दुसरी बाजूही आहे. स्लीपरखाली अडकून बसलेला दगड आधार देतो, पण खोदलेल्या डोंगराच्या कडेवरचा दगड तसा अडकलेला नसतो. फटीत पाणी शिरले, मातीची पकड गेली की तो खाली येतो. कोकण रेल्वेची स्थापना १९९० मध्ये झाली, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाडी धावली. त्याआधी या मार्गासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, ते राजापूरचे खासदार मधु दंडवते हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी मिळवून दिलेल्या या मार्गावर २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कड्यावरून कोसळलेल्या दगडामातीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ मार्गावर आलेल्या दरडीने मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. कड्यांवर लोखंडी जाळ्या बसवणे, उतार कमी करणे आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवणारे वेगळे वेळापत्रक यांमागे हा इतिहास आहे. प्रतिकृतीतील डोंगराला मुलांनी जुन्या मच्छरदाणीची जाळी लावली, ती आम्हांला फार आवडली.

लहान झाले की नियम बदलतात?

आता मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. खरी खडी चिकटवत नाहीत, मग प्रतिकृतीतली का?

आमचा पहिला प्रयत्न तर साफ फसला. मांडवीची काळी वाळू मुलांनी हौसेने आणली. ती दिसायला हुबेहूब बेसॉल्टच्या खडीसारखी. पण दुसऱ्या दिवशी इंजिन अडखळू लागले. उघडून पाहिले तर मोटारीच्या चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटलेली! रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे असतात, हे आम्हांला पाठ होते. पण पाठ असलेली गोष्ट वेळेवर आठवतेच असे नाही. शिवाय ती वाळू खारट, म्हणजे ओल धरणारी, आणि लाटांनी घासून गोल झालेली. मग खडी फोडण्याच्या यंत्राखालची कच आणली, धुऊन वाळवली. रव्याच्या चाळणीतून गळलेली पण मैद्याच्या चाळणीवर राहिलेली तेवढी घेतली आणि तिच्यावरून चुंबक फिरवून पाहिला.

ही कच रुळांखाली मऊ कुंचल्याने नीट पसरली. पण खिडकीतून वारा आला, कुणी शिंकले, टेबलाला धक्का लागला की ती हलायची. कारण गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. वस्तू सर्व बाजूंनी लहान केली की तिचे पृष्ठफळ लांबीच्या वर्गाने आणि वजन लांबीच्या घनाने घटते. त्याने दिलेला दाखला मजेदार आहे. लहान कुत्रे आपल्याएवढी दोन-तीन कुत्री पाठीवर घेऊ शकेल, पण घोडा एकही घोडा नेऊ शकणार नाही. ५० मिलिमीटर व्यासाचा बेसॉल्टचा गोल दगड घ्या. त्याचे वजन सुमारे १९० ग्रॅम भरते. तो ८७ पट लहान केला तर व्यास ०.५७ मिलिमीटर होतो, पण वजन साडेसहा लाखांहून अधिक पटींनी कमी होऊन जेमतेम ०.३ मिलिग्रॅम उरते. वाऱ्याचा झोत मात्र पृष्ठफळावर ढकलतो, आणि ते केवळ साडेसात हजार पटींनी कमी झालेले असते. ज्या वजनाच्या जोरावर खरी खडी पकड घेते, ते वजनच इथे नाही. आगगाडी, पूल, बोगदा सगळे लहान करता येते, पण त्यांच्याबरोबर वारा काही लहान होत नाही.

आणि पाण्याचे काय? पृष्ठताणाचा जोर लांबीच्या प्रमाणात असतो. त्या मोठ्या दगडाच्या परिघाभोवती पाण्याची ओढ त्याच्या वजनाच्या दीडशेव्या भागाहूनही कमी भरते. अर्ध्या मिलिमीटरच्या कणावर मात्र तीच ओढ त्याच्या वजनाच्या चाळीस-पंचेचाळीस पट होते. म्हणून ड्रॉपरने गोंदाचा पहिला थेंब सोडला तेव्हा तो कचेत मुरला नाही. मण्यासारखा गोल राहून त्याने भोवतालचे कण अंगावर ओढून घेतले आणि तिथे खड्डा पडला. चित्रपटातली उल्का पडावी तसा. अशा एका थेंबाचे वजनही दीडशेहून अधिक कणांइतके असते.

यावरचा उपाय प्रत्येक हौशी कारागिराला माहीत आहे. भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाकायचा. त्यामागच्या विज्ञानाला एका स्वयंपाकघराचा इतिहास आहे. जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे राहणारी अ‍ॅग्नेस पॉकेल्स ही तरुणी घरकाम सांभाळत होती. विद्यापीठाचे शिक्षण तिला मिळाले नव्हते. भांड्यांच्या पाण्यावर तेलकटपणाचा परिणाम पाहून तिने पत्र्याची एक उथळ पन्हळ केली आणि पाण्याचा पृष्ठताण मळामुळे किती उतरतो हे मोजायला सुरुवात केली. तिने लॉर्ड रॅले यांना पत्राने आपले निष्कर्ष कळवले. त्यांनी ते पत्र ‘नेचर’कडे पाठवले आणि मार्च १८९१ मध्ये ते छापून आले. पृष्ठविज्ञानातली पुढची बरीच उपकरणे त्या पन्हळीची वंशज आहेत.

गोंदाचीही कथा आहे. सुतार पूर्वी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत. तो दर वेळी गरम करावा लागे, आणि दमट हवेत तो कुजे. १९१२ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ क्लाट्टे याला पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट हे बहुवारिक मिळाले. त्याचे पाण्यातील पायस म्हणजेच आपला पांढरा गोंद. आपल्याकडे १९५९ पासून बळवंत पारेख यांच्या फेव्हिकॉलने सरसाच्या डब्याची जागा घेतली.

आम्ही शेवटी असे केले. कोरडी कच कुंचल्याने बसवली. साबणाचे पाणी फवाऱ्याने अगदी बारीक तुषारांत, थोडे उंचावरून मारले. कच पूर्ण ओली झाल्यावर एक भाग गोंद आणि दोन भाग पाणी असे मिश्रण ड्रॉपरने रुळांच्या कडेने सोडले. आता थेंब क्षणात आत शिरत होता. दुधासारखे दिसणारे पाणी हळूहळू पारदर्शक होते ते पाहण्यासारखे असते. पायसातले सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात म्हणून ते पांढरे दिसते. पाणी उडाले की ते कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो आणि पांढरेपणा जातो. वाळताना केशाकर्षणामुळे द्रव जिथे दोन खडे टेकतात त्या बेचक्यांत मागे सरतो. म्हणून गोंद नेमका टेकण्याच्या जागी उरतो आणि मधल्या पोकळ्या मोकळ्या राहतात. सांध्याजवळ, जिथे रुळांची पाती सरकतात, तिथे मात्र आम्ही गोंद नेलाच नाही. रुळाच्या आतल्या कडेला चिकटलेला एक कणही चाकाची कड उचलून गाडी पाडतो.

गंमत अशी की मोठ्या रेल्वेनेही काही जागी हीच युक्ती उचलली आहे. पुलाचे काँक्रीट ताठ असते, त्याच्या आधीचा मातीचा भराव मऊ असतो आणि त्यांच्या जोडावर मार्ग वारंवार खचतो. अशा ठिकाणी युरोपात खडीवर पॉलियुरेथेनसारखे रसायन ओतून खडे एकमेकांना बांधतात. अतिवेगवान गाड्यांखाली हवेच्या झोताने दगड उडू नयेत म्हणूनही वरचा थर काही ठिकाणी चिकटवतात, कारण त्या वेगाला वारा खऱ्या खडीलाही पुरून उरतो. दगड कोरडे आणि स्वच्छ हवेत, गोंद टेकण्याच्या जागी बसावा, पाण्याच्या वाटा बंद होऊ नयेत, या अटी तशाच. तोटाही तोच. एकदा चिकटलेली खडी पुन्हा ठोकून सारखी करणे कठीण जाते.

आमची प्रतिकृती प्रदर्शनात तीन दिवस बिनतक्रार चालली. पुढे ती शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ ठेवली होती. पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट मुळात तीस अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, ओल शोषली की त्याच्याही आधी. रत्नागिरीच्या पहिल्याच पावसाळ्यात खिडकीकडची खडी सुटली आणि तिच्यावर बुरशी आली. गणपतीच्या सुट्टीनंतर त्याच मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी कोमट पाणी घालून तेवढा भाग खरवडून काढला, कच धुतली, चाळली आणि नव्याने घातली. प्रयोगवहीत त्याची नोंद त्यांनी ‘गँगमनचे काम’ या मथळ्याखाली केली आहे.